पासवर्ड काढला त्यानंतर

चारुशीलाबाई दिघे महाडला दुसऱ्या मजल्यावर तीन खोल्यांत राहतात. वरंध, पोलादपूर, दासगाव अशा गावांतून चौतीस वर्षं त्यांनी पहिली ते चौथीची मुलं शिकवली. त्यांचे यजमान हरीभाऊ दस्तलेखक. खरेदीखत, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र, जमिनीचा जो काही कागद करायचा असेल तो करून देणारे. निबंधकांच्या कचेरीजवळच्या गल्लीत पत्र्याच्या शेडखाली त्यांचं टेबल होतं. वाड्यावस्त्यांवरची माणसं एस.टी.तून उतरली की थेट त्यांच्याकडे यायची. हरीभाऊ आधी पाण्याचा तांब्या पुढे करायचे आणि मग विचारायचे, “बोला, पूर्वेस काय आहे?” जमिनीच्या चारी बाजूंना काय आहे, ते लिहिल्याशिवाय कागद पुरा होत नाही. त्याला चतुःसीमा म्हणतात. हरीभाऊंनी लिहिलेल्या चतुःसीमेवरून कधी भांडण झालं नाही, असं गल्लीतले लोक सांगायचे.

एकवीस सालच्या पुरात टेबल गेलं, कपाट गेलं, जुना टाइपरायटर गेला. कॉम्प्युटर तेवढा त्या आठवड्यात काही बिघाड झाला म्हणून घरी आणला होता, तो वाचला. हरीभाऊंनी पुन्हा गल्लीत टेबल मांडलं नाही. खिडकीपाशी मशीन ठेवलं आणि ओळखीच्यांची कामं घरूनच करू लागले. वर्षभर बरं चाललं. मग एका कागदात त्यांनी पूर्वेलाही ओढा लिहिला आणि पश्चिमेलाही तोच ओढा लिहिला. ज्याचा कागद होता त्याने हसत हसत चूक दाखवली. हरीभाऊ हसले नाहीत. ते बराच वेळ त्या दोन ओळींकडे बघत राहिले.

त्यानंतर मुंबईचे डॉक्टर झाले, डोक्याचे फोटो झाले, आजाराला नाव मिळालं. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि चारुशीलाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, “रोजची जी सवय आहे ती मोडू नका. तेवढीच टिकेल.”

सवय एकच होती. सकाळी दहाला हरीभाऊ इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून खिडकीपाशी बसायचे. कामं आता कोणी आणत नव्हतं. तरी ते बारा वाजेपर्यंत दस्त टाइप करायचे. कोणाचे कोण, लिहून देणार अमुक, लिहून घेणार तमुक. नावं जुनी, गावं खरी, कागद मनातले. चारुशीलाबाईंची त्याला हरकत नव्हती. अडचण व्हायची ती सुरुवातीलाच. मशीन सुरू झालं की पडद्यावर त्यांचं नाव यायचं, नावाखाली एक पांढरी चौकट यायची आणि पासवर्ड मागायची.

पासवर्ड साधाच होता. इंग्रजीत सावित्री आणि पुढे ७९, ते कामाला लागले ते साल. पण तो आता त्यांना आठवत नसे. चारुशीलाबाईंनी कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला. हरीभाऊंनी तो टरकन फाडला.

“लोकांचे कागद आहेत आत. पासवर्ड असा भिंतीवर लावतात का कोणी?”

हे बोलणं अगदी शहाण्या माणसाचं होतं, त्यामुळे चारुशीलाबाईंनी दुसरा कागद चिकटवला नाही. मग रोजचा क्रम ठरून गेला. दहा वाजता हरीभाऊ चौकटीत काहीतरी घालून बघत. एकदा, दोनदा. मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारत, “चारू, हा मला आत घेत नाही गं.”

चारुशीलाबाई हात पुसत यायच्या, वाकून नऊ अक्षरं दाबायच्या, आणि परत जायच्या.

*

मागच्या कार्तिकात एक दिवस त्या बँकेत हयातीच्या दाखल्यासाठी गेल्या होत्या. घरी कामाला येणाऱ्या बनुबाई होत्या. बनुबाई दासगावहून रिक्षाने यायच्या, स्वयंपाक आणि झाडलोट करायच्या आणि बाईंना कुठे जायचं असलं तर भाऊंजवळ थांबायच्या. बँकेत गर्दी होती. परत यायला अकरा वाजले, तर दार सताड उघडं आणि बनुबाई जिन्यात उभ्या.

“बाई, भाऊ नाय घरात! मी मागं कपडे वाळत घालीत व्हते. त्यांनी दोन हाका मारल्या, मी म्हटलं येते. येऊन बघते तं खुर्ची रिकामी.”

दोघी खाली उतरल्या. एक डेपोच्या बाजूला, एक तळ्याच्या बाजूला. अर्धा तास गेला. शेवटी चारुशीलाबाईंचा फोन वाजला. राजेश बोलत होता. स्टॅम्प विकायला तो पूर्वी हरीभाऊंच्या शेजारीच बसायचा.

“काकू, भाऊ इथे गल्लीत आलेत. काळजी नको, मी आणतो स्कूटरवर.”

त्याने आणून सोडलं. हरीभाऊंच्या पायात दोन वेगवेगळ्या चपला होत्या, एक स्वतःची आणि एक बाईंची. राजेशने त्यांना खुर्चीत बसवलं आणि बाहेर येऊन हळू आवाजात सांगितलं, “टेबल होतं तिथे आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे ना, त्याच्यासमोर उभे होते. मी विचारलं, भाऊ इकडे कसे? तर म्हणाले, घरचं मशीन मला ओळखत नाही. इथे सगळे ओळखतात.”

तो चहा न घेताच गेला. चारुशीलाबाईंनी वाकून हरीभाऊंच्या पायातल्या चपला काढल्या. डाव्या टाचेला फोड आला होता.

त्याच दुपारी त्यांनी निषादला फोन लावला. निषाद त्यांचा एकुलता एक मुलगा, बंगळुरूला नोकरीला. रविवारी फोन करतो, दिवाळीला येतो. घडलेलं सगळं त्यांनी सांगितलं नाही. इतकंच विचारलं, “कॉम्प्युटरचा पासवर्ड काढून टाकता येतो का रे?”

“काढायचा नाही, आई. तो असू दे. विचारायचाच नाही असं करता येतं. मशीन चालू केलं की थेट आत. थांब, मीच इथून करतो, तू फक्त...”

“तू सांग. मी लिहून घेते.”

त्यांनी वही काढली, समास आखला. निषाद सांगत गेला. खिडकीचं चित्र असलेली कळ धरून आर दाबायचं. छोटी चौकट येईल, तिच्यात एक शब्द लिहायचा.

“एन. नागपूरचा एन. मग ई.”

“इंग्लिशचा ई?”

“हो. टी टेबलाचा. पी पोलादपूरचा. एल लोणेऱ्याचा. मग डब्ल्यू, मग आय, मग झेड.”

“नेटप्लविझ,” त्यांनी वाचून दाखवलं. “हा काय शब्द झाला?”

“आई, त्याला अर्थ नाही गं. तू एंटर दाब.”

एंटर दाबल्यावर खिडकी उघडली. नावांची यादी होती, आणि वर एका ओळीमागे बरोबरची खूण. हे मशीन वापरायला नाव आणि पासवर्ड द्यावाच लागेल, असा त्या ओळीचा अर्थ. ती खूण काढायची. मग मशीन शेवटचा म्हणून पासवर्ड मागतं, एकदा नाही, दोनदा. चारुशीलाबाईंनी चष्मा पुसला आणि नऊ अक्षरं दोनदा दाबली.

“झालं. पण आई, एक लक्षात ठेव. आता ते मशीन कोणीही उघडू शकेल.”

“कोण येणार आहे उघडायला?” त्या म्हणाल्या.

मग निषादने विचारलं, “बाबा जेवले का?”

*

दुसऱ्या दिवशी दहा वाजता मशीन सुरू झालं, नाव आलं, गोल चक्र फिरलं आणि चौकट न येताच ओळखीचा पडदा उघडला. हरीभाऊंनी मान हलवली, जणू कचेरीतला शिपाई आज वेळेवर आला होता. ते टाइप करू लागले. मध्ये ते बाथरूमला जाऊन आले तेवढ्यात मशीनला डुलकी लागली आणि जागं होताना त्याने पुन्हा पासवर्ड मागितला. संध्याकाळी पुन्हा निषादला फोन, वहीत आणखी सहा ओळी. झोपेतून उठल्यावरही विचारायचं नाही, हे त्याला सांगावं लागलं. त्यानंतर मात्र सगळं सुरळीत झालं. हरीभाऊ बसायचे, बारापर्यंत कळा वाजायच्या, मग उठून जेवायचे. चिडचिड थांबली. बनुबाई म्हणाल्या, “भाऊ किती शांत झालेत! आधीच का नाय केलंत, बाई?”

पाच-सहा दिवस गेले असतील. चारुशीलाबाई दहाच्या सुमाराला ओट्यापाशी कोथिंबीर निवडत होत्या. निवडून झाली, तरी त्या पदराला हात पुसून दाराशी येऊन उभ्या राहिल्या. बाहेरच्या खोलीत कळा वाजत होत्या. आपण कशाला आलो ते त्यांना पटकन कळेना. मग कळलं. त्यांना हाक यायची होती, आणि ती आली नव्हती.

त्या ओट्यापाशी परत गेल्या. शाळेत त्या बाई होत्या, बनुबाईंनाही बाईच, राजेशला काकू, निषादला आई. आईवडील गेले, पोलादपूरची थोरली बहीण दोन वर्षांपूर्वी गेली. चारू म्हणणारा माणूस आता एकच उरला होता, आणि तोही दिवसभरात एकदाच म्हणायचा. बाकीच्या वेळी हरीभाऊ त्यांना काहीच म्हणत नसत. कधी “अहो” म्हणत, कधी पाहुण्याकडे बघावं तसं बघून हसत. सकाळची ती एक हाक अडचणीतून यायची, पण यायची. ती आपणच वहीत लिहून, क्रमाने, बंद करून टाकली होती.

हे त्या कोणाला सांगणार? निषादला सांगितलं असतं तर त्याने सुट्टी काढली असती आणि चार दिवसांनी तो परत गेला असता. बनुबाईंना सांगितलं असतं तर त्या रडल्या असत्या. रविवारी दुपारी हरीभाऊ झोपले होते. चारुशीलाबाईंनी वही काढली, मशीन सुरू केलं, नागपूरचा एन, इंग्लिशचा ई, असं करत तो बिनअर्थाचा शब्द लिहिला आणि काढलेली खूण पुन्हा केली. मुलांच्या उत्तरपत्रिकेत आपणच खाडाखोड करावी तसं त्यांना वाटलं. पण केलं.

सोमवारी दहा वाजता त्या दाराआड उभ्या राहिल्या.

चौकट आली. हरीभाऊंनी तिच्याकडे पाहिलं. बोटं कळांवर ठेवली, उचलली. काहीच घातलं नाही. मागे वळून बघितलं नाही, हाकही मारली नाही. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि बसून राहिले. पुढच्या माणसाचं काम आधी होऊ दे, आपण थांबतो, असं म्हणून माणसं कचेरीच्या बाकावर बसतात तसे. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खालून भाजीवाला ओरडत गेला. बाईंना वाटत होतं, आता हाक मारतील, आता मारतील. मग त्यांनी पाहिलं की हरीभाऊंनी खिशाचं पेन काढून टेबलावर ठेवलं होतं, आणि ते शर्टाच्या बाहीने डोळे पुसत होते.

त्या धावत बाहेर आल्या. नऊ अक्षरं दाबली.

“झालं हं. झालं. बसा तुम्ही.”

हरीभाऊंनी वर पाहिलं. “उपकार झाले बाई,” ते म्हणाले.

दुपारी ते झोपल्यावर त्यांनी ती खूण पुन्हा काढली, मशीन बंद करून पुन्हा सुरू करून बघितलं, आणि वहीतलं ते पान फाडून चुलीत घालावं तसं गॅसवर धरून जाळलं. मग मोरीत जाऊन नळ मोठा सोडला आणि रडल्या.

*

मंगळवारी त्यांनी स्वयंपाकघरातली खुर्ची आणून हरीभाऊंच्या टेबलाजवळ, पूर्वी पक्षकार बसायचा त्या बाजूला ठेवली. हाक येणार नसेल तर आपणच जाऊन बसावं, एवढंच मनात होतं. हरीभाऊंनी तांब्या पुढे सरकवला.

“बोला बाई. काय करायचंय?”

काय सांगावं ते त्यांनी ठरवलं नव्हतं. “घर आहे,” त्या म्हणाल्या. “पोलादपूरला. आमच्या वडिलांचं.” ते घर आता नाही, महामार्ग रुंद झाला त्यात गेलं.

“पूर्वेस काय?”

“पूर्वेस पायवाट. आम्ही शाळेत जायचो ती.”

“शाळेत जायचो ते नको. सार्वजनिक वहिवाटीचा रस्ता,” हरीभाऊ म्हणाले आणि तसंच टाइप केलं. “पश्चिमेस?”

“काकांचं खळं. त्यात एक म्हैस बांधलेली असायची, ती फक्त मला मारायची.”

“म्हशीचा उल्लेख नको. दक्षिणेस?”

“दक्षिणेस ओढा. उत्तरेस डोंगर.”

हरीभाऊ थांबले. “डोंगर असं चालत नाही बाई. डोंगर कोणाच्या मालकीचा? गट नंबर लागतो.” मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, गल्लीत गरीब माणसाला सांभाळून घ्यायचे तसे म्हणाले, “बरं, राहू द्या. डोंगर.”

कागद संपत आला तेव्हा त्यांनी विचारलं, “तुमचे यजमान नाही आले?”

“आहेत,” त्या म्हणाल्या. “कामात आहेत.”

“संमती म्हणून सही लागेल त्यांची. पुढच्या वेळी घेऊन या.”

“हो,” त्या म्हणाल्या.

पौष आणि माघ असेच गेले. रोज दहाला त्या पक्षकार होऊन बसायच्या. कधी वरंधची शाळा सांगायच्या, कधी लग्नानंतर दोघं राहिले ती भाड्याची खोली. ती खोली सांगताना त्या जपून हरीभाऊंकडे बघायच्या. पूर्वेस घरमालकाची विहीर, पश्चिमेस पेरूचं झाड. हरीभाऊ टाइप करायचे. त्यांना काही आठवत नसे. एकदा फक्त म्हणाले, “जागा लहान आहे, पण हवेशीर दिसते.”

शिमग्याच्या आसपास बोटांना कळा सापडेनाशा झाल्या. एकच अक्षर पानभर उमटायचं. मग तेही थांबलं. तरी दहाला शर्ट, पेन आणि खुर्ची होतीच. उजळलेल्या पडद्यासमोर ते बसायचे आणि थोड्या वेळाने अस्वस्थ होऊन मांडीवर बोटं आपटायचे. एक दिवस चारुशीलाबाईंनी कळफलक आपल्याकडे ओढला आणि सहज काहीतरी लिहायला लागल्या. एका बोटाने, शोधत शोधत. कळांचा आवाज सुरू झाला तशी हरीभाऊंची बोटं थांबली. त्यांनी डोळे मिटले आणि ऐकत राहिले.

तेव्हापासून त्या लिहितात. आधी काय लिहायचं ते सुचायचं नाही; फळ्यावरचे सुविचार लिहिले, पाढे लिहिले. मग हळूहळू जे हरीभाऊंना सांगितलं असतं ते लिहू लागल्या. आज दुधात पाणी होतं. निषादचं यंदा मे महिन्यात जमणार नाही. काल तुम्ही मला घरी कधी जाणार असं विचारलंत. असं सगळं. फाइलला पासवर्ड नाही, मशीनला नाही. निषाद म्हणाला होता तसं कोणीही उघडून वाचावं. पण वाचणारं घरात कोणी नव्हतं. ज्याला लिहिलं तो शेजारी बसून नुसता आवाज ऐकत होता.

चैत्रात एका सकाळी बनुबाई फरशी पुसायला आल्या आणि फडकं हातात धरून तशाच उभ्या राहिल्या.

“बाई, रोज काय लिवता गो तुम्ही एवढं?”

“असंच. जुनं काही.”

“वाचा की मोठ्यानं. भाऊ पण ऐकतील.”

चारुशीलाबाईंना संकोच वाटला. चौतीस वर्षं त्यांनी वर्गात मोठ्याने वाचलं होतं, पण स्वतःचं कधी वाचलं नव्हतं. त्यांनी आदल्या दिवशीचं पान काढलं. वरंधच्या शाळेतली पहिली वर्षं होती. श्रावणात एका दुपारी ओढ्याला पाणी आलं, वरच्या वाडीतली सात मुलं शाळेत अडकली, तेव्हा त्यांनी मुलांना रांगेत धरून पुलावरून पलीकडे नेलं, असं लिहिलं होतं. हरीभाऊ डोळे मिटून बसले होते. बनुबाई खाली फरशीवर बसल्या, गुडघ्यांना हात बांधून.

मध्येच त्या म्हणाल्या, “कंच्या सालात?”

“पंच्याऐंशी असेल.”

“मंग पूल खोटा हाय.”

“म्हणजे?”

“माझं माहेर त्याच वाडीत हाय, बाई. पंच्याऐंशीला पूल कुठला? साकव व्हता लाकडाचा, तो पण त्या पावसात वाहून गेलेला. माणसांनी पोरांना खांद्यावर घेऊन पार केलं. माझा बा व्हता त्यात, हैबती नाव त्याचं.” त्यांनी फडकं बादलीत टाकलं. “तुम्ही व्हतात ते खरं. छत्री धरून अलीकडं उभ्या. बा सांगायचा, मास्तरीणबाई लई घाबरली व्हती.”

चारुशीलाबाई हसल्या. खूप दिवसांनी, आवाज करून हसल्या. हरीभाऊंनी डोळे उघडले.

“घाबरले होते खरी,” त्या म्हणाल्या. त्यांनी पडद्यावर पुलाची ओळ शोधली आणि एकेक अक्षर मागे घेत ती पुसली. “सांगा. साकव केव्हा वाहून गेला? आणि खांद्यावर कोणी कोणाला घेतलं, ते नावानिशी सांगा.”

बनुबाईंनी ओले हात लुगड्याला पुसले आणि पक्षकाराच्या खुर्चीकडे बघून विचारलं, “इथं बसू?”